काट्यावर बांधलेली गाडी: स्पिती-लडाखला नेण्याजोगी मोटरहोम कशी करावी

हिवाळ्यात दक्षिण गोव्यात आगोंदच्या बाजूला गेलात, तर माडांच्या सावलीत दोन-चार अवाढव्य ट्रक उभे दिसण्याची शक्यता असायची. पाट्या जर्मनीच्या नाहीतर स्वित्झर्लंडच्या. २०२५ साली वाघा सीमा बंद होईपर्यंत इराण, पाकिस्तान ओलांडून तिथून आत येणारी ही मंडळी थंडीचे महिने इथे काढायची. काही वर्षांपूर्वी अशाच एका 'मान' कंपनीच्या जुन्या लष्करी ट्रकाशेजारी मी घुटमळत होतो. मालक ग्रीसगन घेऊन ट्रकाखाली आडवा झालेला. मी विचारायच्या आधीच त्याने मला खाली वाकायला सांगितलं आणि बॅटरीच्या उजेडात बोटाने तीन जागा दाखवल्या. अख्खं घर त्या तीन जागांवर टेकलं होतं. त्या तीन जागांकडे पुढे येतोच.

त्या भेटीनंतर मला मोटरहोमचं, म्हणजे आत राहता येईल अशा गाडीचं, वेड लागलं. दोन वर्षं, एक चुकलेली बांधणी आणि वजनकाट्याच्या बऱ्याच पावत्या एवढा हिशोब झाल्यावर हा लेख लिहितोय. मापं आणि अनुभव दोन माणसांसाठी, पुण्याहून निघून स्पिती किंवा लडाख करून महिनाभराने परत येण्यासाठी आहेत. पावसाळ्यात कोकणात चार दिवस काढायलाही तीच गाडी चालते.

आधी रस्ता, मग गाडी

बहुतेक जण गाडीपासून सुरुवात करतात. फोटोत युनिमॉग किंवा इवेको डेलीचा परदेशी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारा) ट्रक पाहिलेला असतो आणि तसंच काहीतरी हवं असतं. पण ती गाडी बाहेरून आणायची म्हणजे कर, सुटे भाग आणि डावीकडचं स्टिअरिंग हे तिन्ही प्रश्न एकदम अंगावर येतात. ते सुटले तरी असलं धूड काझ्याच्या, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावाच्या, गल्लीत वळवायचं कसं?

म्हणून कागद घ्या आणि मार्ग लिहून काढा. पुणे ते मनाली सुमारे २,००० किलोमीटर. हा सगळा डांबरी आणि बराचसा चौपदरी रस्ता. त्यानंतर अटल बोगदा, कोकसर, ग्रांफू, छत्रू, बातल, कुंझुम ला, लोसार, काझा. यातला ग्रांफू ते लोसार हा पट्टा खरा खडतर: दगडगोटे, नाले, एका बाजूला चंद्रा नदी. म्हणजे एकूण प्रवासातले कच्चे किलोमीटर शेकड्यात मोजायचे आणि पक्के हजारांत. गाडी त्या प्रमाणात हवी. खडतर भागात वाचवणारी आणि हायवेवर थकवणार नाही अशी.

किनौरमार्गे शिमल्याहून स्पितीत शिरलात तर चढ हळूहळू येतो, शरीरालाही आणि इंजिनालाही. लडाखला श्रीनगर-कारगिलमार्गे जाणं हे मनालीमार्गापेक्षा जड गाडीला सोपं. पहिल्या फेरीसाठी मी हेच दोन मार्ग सुचवेन, भले मनालीमार्गाचे फोटो जास्त छान येत असोत.

कुठली चासी?

चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. आपल्याकडे व्यवहारात तीन पर्याय आहेत.

पहिला, फोर्स गुरखासारखी एसयूव्ही आणि टपावर तंबू. गुरखाला लो रेशो (वेग कमी, जोर जास्त देणारे गिअर) आणि पुढे-मागे दोन्ही डिफला (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) लॉक मिळतं. वाट म्हणावी अशा कुठल्याही वाटेने ती जाते. पण पावसात किंवा वाऱ्यात रात्री शिडीवरून उतरावं लागलं की हौस फिटते.

दुसरा, ट्रॅव्हलरसारखी मोठी व्हॅन. आत उभं राहता येतं, सुटे भाग प्रत्येक तालुक्यात मिळतात आणि ती न खोललेला फिटर भारतात सापडणं कठीण. फोर बाय फोर नसते, तरी समंजसपणे चालवली तर आपल्या यादीतल्या जवळजवळ सगळ्या ठिकाणी पोचते. मुलंबाळं बरोबर असतील तर दुसरा विचार करू नका.

तिसरा, फोर बाय फोर पिकअपच्या चासीवर राहण्याचा डबा. दोघांसाठी मी हा निवडला. इसुझू व्ही-क्रॉस, बोलेरो कॅम्पर फोर डब्ल्यू डी, टोयोटा हायलक्स अशा गाड्या या गटात येतात. निवडताना हॉर्सपॉवरच्या आधी दोन गोष्टी बघा: एकूण वजनाची मर्यादा आणि मागच्या चाकामागे लटकणारा भाग. डबा चाकामागे फार लांब गेला की नाल्यातून वर चढताना शेपूट घासते. माझ्या पहिल्या आराखड्यात ती घासलीच. गाडी बाहेर निघाली, पण सांडपाण्याचा पाइप तिथेच राहिला.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळला तर गाडी रस्त्यावरून उचलली जाते. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या वेळी निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेत मनासारखा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते आणखी ठासून सांगितलं. 'मोटर कॅरावॅन' या प्रकारासाठी ए.आय.एस. १२४ हे वेगळं मानक आहे. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा या गोष्टी त्यात अपेक्षित असतात. पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्था मंजुरीसाठी तपासणी करतात.

सोपा रस्ता असा: ज्याच्याकडे आराखड्याची मंजुरी आहे अशाच बांधणीवाल्याकडून डब्याचं बाहेरचं कवच घ्या आणि मंजुरीचा कागद आगाऊ रकमेच्या आधी मागा, नंतर नाही. "पासिंगचं आम्ही बघून घेऊ" हे वाक्य ऐकलं की चहा पिऊन उठा. मी ते ऐकून बसून राहिलो होतो, आणि सहा महिने गाडी शेडमध्ये धूळ खात पडली. दुसऱ्यांदा मंजूर कवच घेतलं, आतलं सुतारकाम मंजूर मांडणीतच बसवलं आणि आरटीओचं म्हणणं लेखी घेतलं. विमा कंपनीलाही बदल कळवा. न कळवलेला डबा दाव्याच्या वेळी तुमच्यावर उलटतो. आणि गाडी चालू असताना मागच्या डब्यात कोणीही बसायचं नाही, झोपायचं तर नाहीच, जोवर तिथे मंजूर सीट आणि पट्टा नाही.

परवान्याचं म्हणाल तर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी हलक्या वाहनात मोडते, त्यामुळे आपल्या यादीतल्या सगळ्या गाड्या चारचाकीच्या परवान्यावर बसतात. पुढेमागे देशाबाहेर न्यायची असेल तर कार्ने हा जकातीचा कागद लागतो. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमध्ये त्याची चौकशी करा. नेपाळला तो लागत नाही, सीमेवर 'भन्सार' भरून काम होतं.

काटा

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे साखर कारखान्याच्या रस्त्यावर खासगी काटे आहेत. गळीत हंगाम संपला की काटेवाला निवांत असतो. तिथे नेऊन गाडी तीनदा उभी करा: फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढची आणि मागची बेरीज पूर्ण वजनाशी साधारण जुळली पाहिजे. पावती घ्या, वहीत चिकटवा. मोकळी चासी, कवच बसवल्यावर, फर्निचरनंतर, पाणी-डिझेल भरून दोन माणसांसह, असे किमान चार काटे करा.

माझ्या गाडीला कागदावर ९५० किलो भार वाहायची परवानगी. पहिली बांधणी सगळं भरून काट्यावर नेली तेव्हा मर्यादेपेक्षा १४० किलो जास्त निघाली. काटेवाल्याने पावती हातात ठेवत विचारलं, "ऊस कुठाय?"

घरी येऊन हिशोब मांडला. आठ बाय चारचं १८ एमएमचं प्लाय म्हणजे एकेक पत्रा ३५ किलोच्या आसपास. भवानी पेठेतल्या सुताराने घरच्या वॉर्डरोबसारखे सहा पत्रे वापरले होते: २१० किलो. त्यातले चार पत्रे ९ एमएमचे आणि दोन १२ एमएमचे केले, कोपऱ्यांना अॅल्युमिनियमचे अँगल दिले. वजन ११६ किलोवर आलं. इन्व्हर्टरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या मिळून ११० किलो होत्या, त्यांच्या जागी २५ किलोची लिथियम बॅटरी आली. पाण्याची टाकी १२० लिटरवरून ८० वर आणली. इतकं झाल्यावर गाडी मर्यादेखाली ८० किलो आली. मला भाराच्या दहा टक्के, म्हणजे ९५ किलो, मोकळे हवे होते. उरलेले पंधरा किलो माझ्याच अवजारांच्या पेटीतून निघाले: एकाच मापाचे तीन-तीन पाने, एक लोखंडी साखळी आणि कधीही न वापरलेला बाकाचा शिकंजा.

दहा टक्के मोकळे का ठेवायचे? खराब रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यात पाट्यांवर (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांवर) आणि एक्सलवर स्थिर वजनाच्या कितीतरी पट धक्का बसतो. मर्यादेवर भरलेली गाडी डांबरावर मुकाट चालते आणि बातलच्या आसपास मुख्य पाटा मोडते. मागे जादा पाटा घालून गाडी उंच दिसते, पण कागदावरची वजनाची मर्यादा त्याने एक किलोनेही वाढत नाही. ब्रेक आणि एक्सल तेच असतात.

जड वस्तू खाली आणि दोन्ही एक्सलच्या मधे. पाणी, बॅटरी, अवजारं जमिनीलगत. टपावर फक्त सोलर आणि चादरीसारखं हलकं सामान. डावी-उजवी बाजूही सारखी हवी. एका बाजूला टाकी असेल तर दुसऱ्या बाजूला बॅटरी आणि डबाबंद किराणा.

तिवईचं गणित

आगोंदला पाहिलेल्या तीन जागा म्हणजे हे. ट्रकाची किंवा पिकअपची चासी दोन लांब लोखंडी पट्ट्यांची शिडी असते. खाचखळग्यांत एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ही शिडी पिळवटते. तिने पिळवटायलाच हवं, त्यामुळे चारही चाकं जमिनीवर टिकतात. तिच्यावरचा डबा मात्र ताठ असतो. चारही कोपऱ्यांत बोल्ट घट्ट आवळले, तर चासीचा पीळ डब्यात शिरतो. आधी दार अडकायला लागतं, मग कोपऱ्यातलं सिलिकॉन फाटतं, पाणी झिरपतं, आणि एक दिवस चासीवरच बोल्टाशेजारी तडा दिसतो.

चार पायांचं टेबल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतं. तिवई नाही डुगडुगत. चुलीला दगडही तीनच मांडतात. तेच इथे. डब्याखाली एक वेगळी दुय्यम चौकट. ती एका टोकाला दोन ठिकाणी पक्की बसवायची आणि दुसऱ्या टोकाला मधोमध एकाच फिरत्या सांध्यावर टेकवायची. चासी पिळली की चौकट त्या सांध्यावर डुलते, डबा सरळ राहतो. मोठ्या ट्रकांना चार फिरते सांधे शंकरपाळ्याच्या आकारात देतात, तत्त्व तेच.

पिकअपसारख्या छोट्या गाडीला आणखी एक साधा मार्ग चालतो: पुढचे दोन बोल्ट रबरी बुशवर, मागचे दोन दणकट स्प्रिंगवर. स्प्रिंग दाबली जाते, तेवढा पीळ जिरतो. माझ्याकडे हेच आहे. चासीच्या पट्टीच्या वरच्या-खालच्या काठावर भोक पाडू देऊ नका आणि चासीला वेल्डिंग तर मुळीच नाही; निर्मात्याने दिलेलीच भोकं वापरा. चालकाची केबिन आणि डबा यांच्यात आरपार जायची वाट हवी असेल तर मधे रबरी भाता लागतो, नाहीतर दोघे एकमेकांवर आपटतात. (मी ती वाट ठेवलीच नाही. पावसात डोक्यावर पोतं घेऊन मागे जातो.)

व्हॅन घेतलेल्यांनी हा भाग विसरावा. तिथे पत्रा आणि तळ एकच असतात. फक्त फर्निचर एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंत सलग ताणून बसवू नका.

थंडी आणि घाम

रात्रभरात दोन माणसांच्या श्वासातून अर्धा-एक लिटर पाणी हवेत जातं. पत्रा गार असेल तर ते पाणी त्यावरच जमतं, प्लायच्या मागे ओघळतं आणि पावसाळ्यात कोकणात त्याला बुरशी येते. म्हणून भिंतीला बंद पेशींचा फोम लावायचा, २५ ते ४० एमएम, पत्र्याला पूर्ण चिकटवून, मधे पोकळी न ठेवता. थर्माकोलचे तुकडे हलून चुरा होतात आणि काचलोकर ओलावा धरते, दोन्ही नकोत. जिथे लोखंडी चौकट आतपर्यंत उघडी राहते तिथेही पातळ फोमची पट्टी मारा, कारण घाम सगळ्यात आधी तिथे सुटतो.

आणि खिडकी उघडी ठेवा. बाहेर उणे पाच असतानाही टपावरचं झरोकं दोन बोटं आणि खालची एक फट उघडी हवी. थंडी वाजते म्हणून सगळं बंद करणाऱ्यांची गादी सकाळी ओली असते, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका त्याहून मोठा. त्याचा अलार्म आणि एक अग्निशामक उशाजवळ हवाच.

डब्यात ऊब हवी असेल तर डिझेलवर चालणारा हीटर. गाडीच्याच टाकीतून पितो, दोन किलोवॉटचा तासाला पाव लिटरपेक्षा कमी. घेताना तो किती उंचीपर्यंत चालतो ते विचारा. उंचावर हवा विरळ, डिझेल तेवढंच. ज्वलन अर्धवट होतं आणि काजळीने हीटर तुंबतो. उंचीप्रमाणे डिझेल कमी करणारी सोय असलेलाच घ्या आणि मधूनमधून तासभर पूर्ण ताकदीवर चालवा म्हणजे काजळी जळते. धुराडं खिडकीपासून आणि दारापासून लांब.

वीज

बॅटरी विकत घ्यायच्या आधी दिवसाचा खर्च लिहा. कॉम्प्रेसरचा ४० लिटरचा फ्रिज रोज साधारण अर्धा युनिट खातो. दिवे, पाण्याचा पंप, पंखा, दोन फोन आणि लॅपटॉप मिळून पाव युनिट. हीटरचा पंखा रात्रभर चालला तर आणखी पाव. म्हणजे एक युनिट.

१०० अँपियर-अवर, १२.८ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी १.२८ युनिट साठवते आणि त्यातलं बहुतेक वापरता येतं. लेड अॅसिडमधलं निम्मंच वापरायचं असतं, नाहीतर ती लवकर मरते. दोन ढगाळ दिवस धरून मी २०० ठेवली. टपावर ४०० वॉटचं सोलर, सपाट ठेवलेलं, चांगल्या उन्हात दिवसाला सव्वा ते दीड युनिट देतं; कोकणातल्या जुलैत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची आशा धरा. तिसरा स्रोत गाडीचा ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज करणारं यंत्र. तिथून थेट वायर ओढू नका, मधे डीसी-टू-डीसी चार्जर लावा. ३० अँपियरचा असेल तर तासाभराच्या ड्रायव्हिंगला साधारण ०.३८ युनिट मिळतं. घाटात दिवसभर चालवलं तर सोलरची गरजही पडत नाही.

इथे एक सापळा आहे. लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, आतून कायमची खराब होते. डब्याबाहेर, चासीला लटकवलेली बॅटरी काझ्यात पहाटे गोठलेली असते आणि सूर्य उगवताच सोलर तिला चार्ज करायला जातं. म्हणून बॅटरी डब्याच्या आत, फोमच्या अलीकडे, आणि तिच्या बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे की नाही ते बिल करण्याआधी पाहून घ्या.

इंडक्शनचा मोह सगळ्यांना होतो. १,५०० वॉट म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला सव्वाशे-दीडशे अँपियर. तेवढ्या करंटला अंगठ्याएवढी जाड, आखूड केबल लागते आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. घरचा वायरमन हुशार असला तरी १२ व्होल्टचा हिशोब त्याला वेगळा समजावून सांगावा लागतो. आमच्याकडच्याने पहिल्यांदा घरातली दीड एमएमची वायर लावली होती, आणि फोडणीचा वास यायच्या आधी वायरचा आला.

पाणी आणि गॅस

पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, भांडी आणि तोंड धुवायला तेवढंच. दोघांचे चार दिवस म्हणजे ८० लिटर. टाकीत आडव्या पडद्या हव्यात, नाहीतर वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी डोलते. वर जाताना रात्री पाइपातलं पाणी गोठतं. झोपताना पंप बंद करून नळ उघडा ठेवायचा, पाण्याला पसरायला जागा मिळते. शौचालयाला काढून रिकामी करता येणारी पेटी पुरते. ती नदीत किंवा नाल्यात रिकामी करायची नाही, एवढं तरी पाळा.

गॅसचं मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो, पण ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच द्रवरूपात बसून राहतो. थंडीत आधी प्रोपेन निघून जातो आणि मग अर्धा भरलेला सिलिंडर हलवला तर आत खळखळतं, शेगडी मात्र पेटत नाही. चंद्रतालच्या अलीकडे आम्ही पहाटे साडेपाचला असाच सिलिंडर हलवत बसलो होतो. शेवटी कोमट पाण्याच्या परातीत पाच किलोचा सिलिंडर ठेवला, दहा मिनिटांनी निळी ज्योत आली. पाणी कोमटच हवं; उकळतं नाही आणि सिलिंडरला आग दाखवणं तर कधीच नाही. सिलिंडरचा कप्पा डब्यापासून बंद आणि तळाला बाहेर उघडणारं भोक असलेला हवा, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो.

कुकर विसरू नका. सव्वाचार हजार मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं. पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी ती बोटचेपी राहते. कुकरमध्ये नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त दिल्या की वरण जमतं.

टायर, आणि रुतल्यावर

टायर ऑल-टेरेन, भार-क्रमांक काट्याच्या पावतीशी पडताळून. हवेचा दाब नेहमी सकाळी, थंड टायरवर बघायचा. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे पुण्यात ४० पीएसआय भरलेला टायर साडेचार हजार मीटर उंचीवर दाबमापकावर पाच-साडेपाच पीएसआय जास्त दाखवतो. तिथली थंडी त्यातलं काही खाते. वेफर्सचं पाकीट फुगतं ते याच कारणाने. म्हणून वर पोचल्यावर पुन्हा मोजा आणि दगडी पट्ट्यात थोडी हवा कमी करा: टायर दगडाला धरून बसतो, गाडीचे खिळे ढिले होत नाहीत. डांबर लागलं की परत भरा; त्यासाठी १२ व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर हवा.

रुतलेली गाडी काढायचं सामान थोडं आणि नेमकं ठेवा: फावडं, चाकाखाली घालायचे दोन फट्टे, लवचीक दोर, दोन मऊ शॅकल (दोराच्या कड्या), जॅकखाली ठेवायला जाड फळी, टायरचा पंक्चर-संच. दोर टोइंगच्या गोल मुंडीला कधीही बांधायचा नाही. मुंडी तुटली तर तोफगोळ्यासारखी उडते. चासीला पक्का केलेला हूकच वापरा आणि दोर ताणला असताना माणसं लांब. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की अॅक्सिलरेटर सोडा. उतरा, बघा, हवा अर्ध्यावर आणा, चाकापुढची माती काढा, फट्टा सरकवा आणि लो रेशोत सावकाश बाहेर या. बहुतेक गाड्या शेवटच्या दहा सेकंदांच्या हट्टाने पोटापर्यंत जातात.

सराव करायला हर्णै-मुरुडच्या पुळणीवर गाडी घालू नका. तिथे मनाई आहे, आणि भरतीत अडकलेल्या गाडीचा फोटो दर सुट्टीत पेपरात येतो तो पुरे. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या नांगरलेल्या वावरात, पहिल्या पावसानंतर, त्याला विचारून दोन तास घालवा. ट्रॅक्टर जवळ असतोच.

निघण्याआधीच्या दोन फेऱ्या

पहिली, दोन रात्रींची, घरापासून शंभर किलोमीटरच्या आत. ताम्हिणी घाट पावसात उत्तम: गळती, घाम, बुरशी, ब्रेक सगळं एका फेरीत कळतं. दुसरी, आठ दिवसांची आणि किमान हजार किलोमीटरची. त्यानंतर प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ मारा, अर्धी बोल्टवर, अर्धी पट्टीवर. पुढे रेघ तुटलेली दिसली की बोल्ट ढिला झाला, पाना न लावता कळतं. परत आल्यावर पुन्हा एकदा काटा. सामान गुपचूप वाढलेलं असतं.

पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांतून निघण्याआधी घ्यायचं: फॅन बेल्ट, दोन डिझेल फिल्टर, रेडिएटरचे होज आणि क्लिपा, फ्यूज, क्लच केबल असेल तर तीही, व्हील बेअरिंग, लिटरभर गिअर ऑइल, बांधायची तार. फिल्टर बदलून हवा काढायचं काम घरी एकदा स्वतःच्या हाताने करून बघा.

वर चढताना

मनालीमार्गे लडाखला निघालात तर तांदीचा पंप चुकवू नका. तिथे पाटीच आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. जड गाडी चढावर लिटरला सात-आठ किलोमीटर देते, म्हणजे पन्नासेक लिटर नुसत्या रस्त्याला, वर हीटर आणि एखादा वळसा. लोखंडी कॅनमध्ये वीस लिटर जादा ठेवा, तेही काट्यात धरा.

मुक्काम जिस्पाला करा, साधारण ३,२०० मीटरवर, शक्यतो दोन रात्री. मनालीहून निघून थेट सरचूला, ४,२९० मीटरवर झोपणं हे डोकेदुखीचं हमखास आमंत्रण. आपलं घर बरोबर आहे म्हणून कुठेही थांबता येतं, हा भ्रम मोटरहोमवाल्यांना जास्त महाग पडतो. डोकं दुखतंय, उलटी होतेय, चालताना तोल जातोय असं झालं तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

नाले सकाळी ओलांडा. दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढतं. सकाळी घोट्याला असलेला नाला चारला मांडीपर्यंत येतो. आधी काठी घेऊन चालत जा. गुडघ्यावर पाणी असेल तर थांबा. लो रेशोत पहिला गिअर, एकसारखा वेग, मधे क्लच दाबायचा नाही, थांबायचं नाही. पलीकडे गेल्यावर शंभर मीटर ब्रेक हलका दाबून चाला म्हणजे तो सुकतो. उतारावरही तेच गिअर कामाला येतात. बारालाचाच्या सुमारे ४,९०० मीटरवरून ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या चाकांतून जळका वास लांबूनच येतो.

थंडीचं डिझेल हाही एक विषय. साधं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होतं आणि फिल्टरमध्ये अडकतं. इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. जून ते सप्टेंबर जाणाऱ्यांना त्याची गरज नाही. ऑक्टोबरात जाणार असाल तर पुण्याचं डिझेल टाकीत शिल्लक न ठेवता वरचं भरा.

परत आल्यावर

नाल्यांतून गेलेल्या गाडीचं डिफचं ऑइल आठवड्याच्या आत तपासा. तळाचा बोल्ट ढिला करून चमचाभर वाटीत घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, तेव्हा सगळं काढून नवीन भरायचं. व्हील बेअरिंगचं ग्रीसही बदला. टाकीतलं पाणी पूर्ण सोडा, गाद्या काढून उन्हात टाका, कपाटांची दारं उघडी ठेवा. बॅटरी निम्मी भरून तिचा मेन स्विच बंद करा. आणि बोल्टांवरच्या पिवळ्या रेघा एकेक करून बघा. आमच्या मागच्या फेरीत चोवीसपैकी तीन तुटलेल्या होत्या, तिन्ही मागच्या डाव्या स्प्रिंगजवळच्या. त्या बाजूला पाण्याची टाकी आहे. टाकी आता पाऊण फूट मधे सरकवतोय. तिचे ब्रॅकेट भोसरीला वाकवायला दिलेत.